तांब्याच्या वायसरची कुळकथा

जुन्या ट्रॅक्टरचं नोझल हेडमधून उपसलं की त्याच्या बुडाशी एक तांब्याची कडी निघते. कधी ती नोझललाच चिकटलेली असते, कधी भोकाच्या तळाशी रुतून बसलेली. गावात तिला सील कुणी म्हणत नाही, तो ‘वायसर’. इंजेक्टरलाही इंजेक्टर म्हणत नाहीत. होल्डर, सुई, टोक असं सगळं मिळून ते ‘नोझल’, आणि ते ज्या भोकात बसतं ते ‘नोझलचं घर’. मेकॅनिकांनी हा शब्द फार नेमका निवडला आहे. घर झाडावं लागतं, आणि त्याचं दार नीट लागावं लागतं. ते दार म्हणजे हा वायसर.

दाराच्या आत काय चालतं ते पाहिलं की त्याचं मोल कळतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती 500 अंशांच्या वर तापते, आणि त्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेट घेतो. त्या क्षणी आतला दाब बाहेरच्या हवेच्या 60 पटींच्याही वर जातो. हा जाळ नोझलच्या कडेनं वर येऊ नये म्हणून लोखंडी हेड आणि पोलादी नोझल यांच्यामध्ये तांब्याचा पातळ थर ठेवलेला असतो.

या जागेचं कूळ जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरापर्यंत पोचतं. रुडॉल्फ डिझेल यांनी 1892 साली पेटंटसाठी अर्ज केला आणि फेब्रुवारी 1897 मध्ये त्यांच्या इंजिनाची रीतसर चाचणी झाली. तेलातल्या ऊर्जेपैकी 26.2 टक्के ऊर्जा कामाला आली. वाफेच्या इंजिनांच्या त्या काळात हा आकडा थक्क करणारा होता. पण आत तेल कसं घालायचं, या प्रश्नानं डिझेल यांना फार छळलं. शेवटी वेगळा कॉम्प्रेसर लावून, दाबलेल्या हवेच्या झोतावर तेल आत फुंकावं लागलं. कॉम्प्रेसर, हवेच्या टाक्या, नळ्या असा संसार घेऊन ते इंजिन कारखान्यात किंवा जहाजावर उभं राहू शकत होतं. नांगरटीला जाणं त्याला शक्य नव्हतं.

डिझेल इंजिन शेतात आलं ते कॉम्प्रेसरला निरोप दिल्यावरच. बेन्झ कंपनीतले अभियंते प्रॉस्पर लोरांज यांनी 1909 साली मुख्य सिलिंडरच्या आधी एक छोटी कोठडी करण्याची कल्पना पेटंट केली. तेल आधी तिथं पेटायचं आणि त्याच्याच जोरानं पुढं पसरायचं, म्हणजे फुंकायला वेगळी हवा लागत नव्हती. याच वाटेनं 1922 साली बेन्झ-झेंडलिंगचा डिझेल ट्रॅक्टर आला. त्याच सुमाराला रॉबर्ट बॉश यांनी डिझेलच्या पंपाचं काम हाती घेतलं. मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांसाठी त्यांचं नाव आधीच झालेलं होतं. 1927 साली त्यांच्या कारखान्यातून पंप ठरावीक मापात, मोठ्या संख्येनं निघू लागले. तेल दाबायचं काम पंपाकडे गेलं. नोझलकडे उरलं ते दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की सुई उचलून तेलाचं धुकं करणं.

आपल्या गोष्टीतलं खरं वळण हेच. नोझल आता हातात मावेल एवढं झालं. बिघडलं तर दोन नट सोडून काढायचं, तपासायचं, दुसरं बसवायचं. पण जे काढता येतं त्याला सांधा असतो, आणि जिथं सांधा आहे तिथं गळती शिरू शकते. नोझल सुटं झालं, तेव्हाच त्याच्या घराची निगा हे काम शेतकऱ्याच्या आणि मिस्त्रीच्या वाट्याला आलं.

त्या सांध्यासाठी तांबंच का? ते उष्णता झपाट्यानं वाहून नेतं, त्यामुळे नोझलच्या टोकाचा ताप हेडमध्ये उतरतो. गरम जागी रबर टिकत नाही, तांबं टिकतं. शिवाय ते मऊ असतं. नट आवळले की ते बैठकीतल्या बारीक चरांत दबून बसतं आणि फट बुजवतं. मात्र दबलं की ते कडक होतं, म्हणून एकदा वापरलेला वायसर दुसऱ्यांदा तितका नीट बसत नाही.

तांब्याचा हा स्वभाव पुण्याच्या तांबट आळीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हंड्यावर मठारकाम करताना हातोडीच्या घावांनी पत्रा कडक होत जातो. मग तांबट तो भट्टीत तापवतात, तो पुन्हा नरम होतो आणि घाव सोसायला तयार होतो. नवा वायसर मिळाला नाही तर जुना मेकॅनिकही हेच करतो. वायसर लालसर होईपर्यंत तापवतो आणि पाण्यात सोडतो. पोलाद असं विझवलं तर कडक होतं. तांब्याला नरम करतो तो ताप, पाण्यानं फक्त वरचा काळा पापुद्रा सुटतो.

महाराष्ट्रात नोझलच्या या घराण्याचा विस्तार मोठा झाला. 1951 साली स्थापन झालेल्या, बंगळुरूच्या मायको कंपनीनं पुढं नाशिकला, सातपुरात कारखाना काढला आणि तिथं नोझलं बनू लागली. नाशिकच्या मायको सर्कलच्या नावात ती आठवण आहे. मुंबईत कांदिवलीला साठच्या दशकात महिंद्रांचे बी-275 ट्रॅक्टर तयार होऊ लागले. तालुक्याच्या गावी ‘पंप-नोझल’ अशी पाटी लावलेली दुकानं आली. मिस्त्री हातपंपाच्या टेस्टरवर नोझल लावतो, दांडा दाबतो आणि ‘चर्र’ आवाजावरून सुईची तब्येत ओळखतो. त्या फवाऱ्यासमोर बोट कधी धरायचं नाही, कारण ती धार कातडी भेदून आत शिरते.

घर झाडण्याची रीत याच दुकानांतून आणि खळ्यांवरून हातोहात पुढं गेली. बुडातून ‘फुस फुस’ ऐकू आलं, नोझलभोवती डांबरासारखी काजळी साचली, की वायसर गेला समजायचं. आधी बाहेरची माती पुसायची, मगच नट सोडायचे. अडकलेल्या नोझलला पहारीनं उचकायचं नाही. डिझेल सोडून भिजू द्यायचं आणि डावी-उजवीकडे हलकं फिरवत काढायचं. खालच्या छिद्रात चिंधीचा बोळा घालून, पितळी ब्रशनं भिंतीवरची काजळी काढायची. तळाची बैठक खरवडायची नाही, कारण तिथला एक ओरखडा म्हणजे जाळाला नवी वाट. शेवटी बोळा काढून, लांब उभं राहून इंजिन दोन-चार फेरे फिरवायचं, म्हणजे आत पडलेला कण बाहेर उडतो. मग नवा वायसर, वर धूळ अडवणारी रबराची किंवा कॉर्कची कडी असेल तर तीही नवी, आणि दोन्ही नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळायचे. एका बाजूनं जास्त जोर लागला तर होल्डर किंचित पिळवटतो. सुई आणि तिचं घर यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात, त्यामुळे एवढ्यानंही ती अडकते.

आमच्या वडलांनी एकदा ट्रॅक्टरचे तिन्ही वायसर स्वतः बदलले आणि तरी एक सिलिंडर धूर ओकत राहिला. मिस्त्री आले, त्यांनी तीन जुने वायसर मागितले. वडलांच्या डबीत दोनच होते. तिसरा घराच्या तळाशी काजळीत लपला होता आणि नवा त्याच्यावर बसला होता. तेवढ्या जाडीनं नोझल उचललं गेलं होतं आणि फवारा चुकीच्या जागी पडत होता. मिस्त्रींनी सायकलच्या स्पोकला आकडा करून तो अलगद वर काढला, वडलांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “दादा, नवा घालायच्या आधी जुना मोजायचा.”

तेव्हापासून आमच्या घरी नोझल काढलं की पहिलं काम तेच. फडक्यावर तीन काळे वायसर ओळीनं मांडलेले दिसले, की मगच नव्यांची पुडी उघडते.