सुगम्यता, सार्वजनिक इमारतींची (भारत)

सरकारी कार्यालय, न्यायालय, रुग्णालय, शाळा, नाट्यगृह अशा लोकांच्या वापराच्या इमारतीत अपंग व्यक्तीला दुसऱ्याच्या आधाराविना शिरता, वावरता, काम उरकता आणि वेळप्रसंगी सुखरूप बाहेर पडता यावे यासाठी केलेली रचना. व्हीलचेअर वापरणाऱ्यांपुरता हा विषय नाही. लिफ्टमध्ये मजला सांगणारा आवाज अंध व्यक्तीसाठी असतो, तर आगीच्या भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा कर्णबधिरासाठी. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख नोंदली गेली.

सर्वांत परिचित घटक म्हणजे रॅम्प, आणि सर्वाधिक चुकतो तोही तोच. उताराचे सर्वमान्य प्रमाण १:१२ आहे, म्हणजे १ सेंमी उंचीसाठी १२ सेंमी लांबी. प्रत्येकी १५ सेंमीच्या तीन पायऱ्या असलेले साधे जोते घेतले, तरी ४५ सेंमी चढण्यासाठी ५.४ मीटर लांबीचा उतार लागतो. एवढी जागा आराखड्यात आधी राखलेली नसते. मग तोच उतार दोन मीटरांत बसवला जातो, वर गुळगुळीत फरशी घातली जाते आणि उद्घाटन उरकले जाते. अशा उतारावर माणूस एकट्याने चढू शकत नाही. उतरताना खुर्ची हातातून सुटते. योग्य रॅम्पला दोन्ही बाजूंस कठडे, दोन उंचींवर धरायचे दांडे, खडबडीत पृष्ठभाग आणि वर-खाली खुर्ची वळवण्याइतकी सपाट जागा हवी. पूर्ण वळणासाठी दीड मीटर व्यासाची मोकळी जागा धरतात. दाराची निव्वळ रुंदी ९० सेंमी असावी आणि उंबरठा शक्यतो नसावाच.

रॅम्प चढून आत गेल्यावर खिडकी छातीच्या वर असेल, तर सारा खटाटोप वाया जातो. म्हणून फाटकापासून खिडकीपर्यंत आणि तिथून स्वच्छतागृहापर्यंत सलग वाट तपासावी लागते. स्वच्छतागृह हे या तपासणीतले नाजूक प्रकरण. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे, भांड्याशेजारी खुर्ची लावण्यास जागा हवी आणि भिंतीत पक्के दांडे हवेत. हे सगळे असूनही कित्येक ठिकाणी तिथे झाडू-बादल्या ठेवलेल्या असतात आणि किल्ली शिपायाकडे असते.

अंधांसाठी जमिनीवर उठावाच्या फरश्या बसवतात. लांब पट्ट्यांची फरशी ‘पुढे चला’ असे सांगते, ठिपक्यांची ‘थांबा, पुढे जिना किंवा वळण आहे’ असे. जपानच्या सेईइची मियाके यांनी ही पद्धत शोधली; १९६७ मध्ये ओकायामा शहरात ती प्रथम वापरली गेली. पिवळा रंग ठळक दिसावा म्हणून असतो, कारण अंशतः दिसणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो. आपल्याकडे मात्र या फरश्या नक्षीसारख्या अंथरून थेट खांबाला नेऊन भिडवल्याचे पाहायला मिळते.

कायद्याचा प्रवास लांबचा आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात रॅम्प, व्हीलचेअरसाठी स्वच्छतागृहे आणि लिफ्टमधील ब्रेल यांचा स्पष्ट उल्लेख होता. पण शासनाच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही अट घातल्याने पळवाट कायद्यातच राहिली. ३ डिसेंबर २०१५ रोजी केंद्राने सुगम्य भारत अभियान सुरू केले आणि निवडक शहरांतील इमारतींची तपासणी झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने बांधकामाची नाडीच पकडली: आराखडा सुगम्यतेच्या नियमांत बसत नसेल तर बांधकाम परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले. म्हणजे ती मुदत २०२२ मध्ये सरली.

दृष्टिबाधित कार्यकर्ते राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेत न्यायालयाने २०१७ मध्ये कालबद्ध निर्देश दिले. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात नियमांमधील मूळ दोषावर बोट ठेवले. कायदा बंधनकारक मानके मागत होता, तर नियम १५(१) ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवत होता. न्यायालयाने तो मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक मानके तीन महिन्यांत ठरवण्यास केंद्राला सांगितले.

निकाल लागेपर्यंत व्यवहार कसा चालतो, याचे उदाहरण मुंबईनेच ऑक्टोबर २०२३ मध्ये दाखवले. विवाह नोंदणीचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि अधिकारी खाली यायला तयार नाहीत. व्हीलचेअर वापरणाऱ्या वधूला जिन्यावरून उचलून न्यावे लागले. बातम्या झळकल्यावर उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. रजिस्टर घेऊन दोन मजले उतरणे हा उपाय बिनखर्चाचा होता.

वारसावास्तूंमध्ये मूळ दगडाला धक्का लावता येत नाही, म्हणून तिथे काढता-घालता येणारे उतार वापरतात. जानेवारी २००१ मध्ये व्हीलचेअर वापरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग मुंबईतील परिषदेनंतर दिल्लीला गेले, तेव्हा जावेद आबिदी आदी कार्यकर्त्यांच्या आग्रहामुळे कुतुबमिनारसह काही स्मारकांवर लाकडी रॅम्प टाकण्यात आले. ते तात्पुरते होते. कुतुबमिनारच्या आवारात कायमची सोय पुढे झाली. मिनारातला जिना मात्र १९८१ च्या चेंगराचेंगरीपासून सर्वांनाच बंद आहे.