काठी बदलली, सल्ले उरले

गोल्फचा चेंडू जमिनीवर निपचित पडलेला असतो. तो कुणी टाकत नाही, तो वळत नाही की उसळत नाही. क्रिकेटमध्ये फलंदाजाला बॅकलिफ्टचा फार विचार करता येत नाही, कारण गोलंदाज तेवढा वेळच देत नाही. गोल्फरकडे मात्र हवा तेवढा वेळ असतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. काठी मागे कशी न्यायची, किती न्यायची, मनगट कधी दुमडायचं, टाच उचलायची की नाही? चेंडू मारायचा असतो पुढे, पण शतकानुशतकांचा वाद आहे तो काठी मागे नेण्यावरून.

काठी चेंडूपासून निघून खांद्याच्या वर पोचेपर्यंतची हालचाल म्हणजे बॅकस्विंग. त्यातली अगदी सुरुवातीची हात-दीड हात हालचाल म्हणजे टेकअवे. हौशी खेळाडूला मिळणारे निम्मेअधिक सल्ले या दोन गोष्टींबद्दलच असतात: हळू ने, डावा हात ताठ ठेव, डोकं हलवू नकोस, खांदे फिरव पण कंबर फिरवू नकोस. मोबाइलवर दहा मिनिटं रील्स पाहिल्या तर एकमेकांना छेद देणारे पाच सल्ले सहज सापडतात. त्यातला एकही सल्ला सरसकट खोटा नाही. प्रत्येक सल्ला कधी ना कधी, कुठल्या तरी काठीसाठी आणि कुणाच्या तरी शरीरासाठी खरा होता. तो कुठून आला हे माहीत असेल, तर तो आपल्यासाठी आहे की नाही हे ठरवता येतं.

डायरीतला पहिला स्विंग

स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून त्यातच रमायला लागले होते. पण हा खेळ नेमका कसा खेळायचा, याबद्दल लिहिलेलं सापडायला आणखी सव्वादोनशे वर्षं जावी लागली. एडिंबरात वैद्यक शिकणाऱ्या थॉमस किनकेड नावाच्या तरुणाने १६८७ च्या जानेवारीत आपल्या डायरीत स्वतःच्या स्विंगच्या नोंदी केल्या. गोल्फच्या तंत्राबद्दलचं सर्वांत जुनं म्हणून ओळखलं जाणारं लिखाण ते हेच.

किनकेड तलवारबाजीही शिकत होता. त्यामुळे त्याने गोल्फसाठी तोच पवित्रा सुचवला: गुडघे किंचित वाकलेले आणि पाय, पाठ, हात ताणून पक्के धरलेले. शरीर कसं वळवायचं, चेंडू छातीसमोर पण किंचित डाव्या पायाकडे कसा ठेवायचा, हे त्याने नोंदवलं. शिकण्याची पद्धतही सांगितली: आधी कमी ताकदीने खेळायचं, शरीराची ठेवण बारकाईने पाहायची आणि मग हळूहळू ताकद वाढवायची. आजचा प्रशिक्षक पहिल्या दिवशी हेच सांगतो. या इतिहासात जे थोडे सल्ले कधीच जुने झाले नाहीत, त्यातला हा एक.

पिळवटणारं लाकूड

त्यानंतरची दोनशे वर्षं स्विंग घडवला तो साधनांनी. चेंडू होता चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून शिवलेला. तो महाग होता आणि ओला झाला किंवा चुकीचा फटका बसला की फाटायचा. १८४८ च्या सुमारास गटापर्चा या झाडाच्या चिकापासून केलेला स्वस्त, टणक चेंडू आला आणि खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला लागला. काठ्यांसाठी अमेरिकेतून आयात केलेलं हिकरीचं लाकूड रूढ झालं.

हिकरी चिवट असते, पण एक अडचण आहे. ती वाकते तशीच स्वतःभोवती पिळवटतेही. हिसका देऊन काठी उचलली किंवा घाईने खाली आणली, तर टोकाचा जड भाग हातांच्या मागे रेंगाळतो आणि चेंडूला भिडताना त्याचं तोंड भलतीकडेच असतं. म्हणून जुने स्कॉटिश खेळाडू काठी संथपणे मागे नेत. मागे नेताना मनगटं वळवून काठीचं तोंड उघडत, शरीराभोवती लांब, सपाट घेर घेत आणि खाली येताना हातांनी ते तोंड पुन्हा मिटवत. ‘हळू मागे ने’ हा मंत्र याच काळात पुस्तकांतून पक्का झाला. तो स्वभावाचा उपदेश नव्हता, लाकडाची गरज होती.

जर्सी बेटावरच्या हॅरी वॉर्डनने हा घेर बराच उभा केला. १८९६ ते १९१४ या काळात सहा वेळा ‘ओपन’ जिंकणाऱ्या या माणसाचा डावा हात बॅकस्विंगच्या टोकाला कोपरात चांगलाच वाकलेला असे. आज ‘डावा हात ताठ’ म्हणून ओरडणारा प्रशिक्षक वॉर्डनलाही ओरडला असता. सहा ‘ओपन’चा तो विक्रम अजून मोडलेला नाही.

हिकरीच्या युगाचं शेवटचं आणि सर्वांत देखणं रूप म्हणजे अटलांटाचा बॉबी जोन्स. तो वकील होता आणि आयुष्यभर हौशी खेळाडू म्हणूनच खेळला. त्याला कुणी पद्धतशीर धडे दिले नाहीत. क्लबचा स्कॉटिश व्यावसायिक स्टुअर्ट मेडन खेळायचा तेव्हा लहानगा बॉबी त्याच्या मागे मागे हिंडायचा आणि नक्कल करायचा. १९३० मध्ये एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकून तो अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी त्याने हॉलिवूडसाठी छोट्या शिकवणीपटांची मालिका केली. त्यात दिसतं की काठी निघते तेव्हा शरीर आधी वळतं आणि काठीचं टोक हातांच्या मागून ओढलं जातं. कंबर मोकळी फिरते आणि डावी टाच जमिनीवरून चांगली उचलली जाते. कुठेही अडवणूक नाही.

पोलाद आलं

अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनच्या नियमकर्त्यांकडून १९२९ मध्ये पोलादी शाफ्टला मान्यता मिळाली. पोलाद हिकरीसारखं पिळवटत नाही. म्हणजे मागे जाताना तोंड उघडणं आणि खाली येताना ते मिटवणं ही सगळी कसरत एका झटक्यात अनावश्यक झाली. इतकंच नाही, ती अंगाशीही यायला लागली.

हे लवकर ओळखणाऱ्यांत टेक्ससच्या फोर्ट वर्थचा बायरन नेल्सन होता. हिकरीवर शिकलेला नेल्सन पोलाद हातात आल्यावर चेंडू नको तिकडे वळताना पाहून विचारात पडला. त्याने मनगटांची फिरवाफिरव काढून टाकली. खांदे, हात आणि काठी एकत्र, सरळ मागे न्यायची आणि खाली येताना पायांचा जोर वापरायचा, असा साधा स्विंग त्याने बसवला. १९४५ मध्ये त्याने लागोपाठ अकरा स्पर्धा जिंकल्या. पुढे चेंडू आणि काठ्या तपासण्यासाठी यंत्र बनवलं गेलं, ते त्याच्याच स्विंगवर बेतलेलं होतं. त्या यंत्राला नाव पडलं ‘आयर्न बायरन’.

आजच्या हौशी खेळाडूची सर्वांत नेहमीची चूक या संदर्भात पाहण्यासारखी आहे. टेकअवेमध्ये तो हातांनी काठी झटकन आत, स्वतःच्या पायांमागे ओढतो आणि मनगटं वळवून तिचं तोंड आकाशाकडे उघडतो. शंभर वर्षांपूर्वी सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर हे फारसं कुणाला खटकलं नसतं. ग्रॅफाइटच्या हलक्या शाफ्टवर मात्र ते तोंड वेळेत मिटत नाही आणि चेंडू उजवीकडे वळत झाडीत जातो. याला स्लाइस म्हणतात.

होगनचं औषध

फोर्ट वर्थच्या ज्या ग्लेन गार्डन क्लबवर नेल्सन कॅडी होता, तिथेच त्याच्याच वयाचा आणखी एक पोरगा बॅगा उचलायचा: बेन होगन. १९२७ च्या नाताळात कॅडींच्या स्पर्धेत नेल्सनने त्याला एका फटक्याने हरवलं. होगनला यश फार उशिरा मिळालं. त्याचा आजार होता हुक, म्हणजे चेंडू डावीकडे जोरात वळून जाणं. हा आजार बरा करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. १९४९ च्या फेब्रुवारीत त्याच्या मोटारीवर बस आदळली. तो पुन्हा चालेल का, हाच प्रश्न होता. सोळा महिन्यांनी त्याने ‘यूएस ओपन’ जिंकली.

१९५७ मध्ये त्याचे पाच धडे आधी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये आणि मग पुस्तकरूपात आले. लेखनाला हर्बर्ट वॉरन विंडची साथ होती, चित्रं अँथनी राव्हिएलीची. चेंडूपासून खांद्यांवर टेकलेली तिरपी काच आणि तिच्यातून बाहेर आलेलं खेळाडूचं डोकं, हे त्यातलं चित्र गोल्फ शिकणाऱ्या पिढ्यांच्या मनावर कोरलं गेलं. बॅकस्विंग त्या काचेच्या खाली राहिला पाहिजे, हात आधी निघतात, मग खांदे, मग कंबर, असा क्रम त्याने लावून दिला.

पुस्तक थोर आहे, पण त्यातला बराच भाग हुकने पछाडलेल्या माणसाने हुक टाळण्यासाठी शोधलेला आहे. सैलसर डावीकडे वळवलेली पकड, टोकाला किंचित मागे वाकलेलं डावं मनगट (हे गुपित त्याने १९५५ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात सांगितलं होतं), या सगळ्याने काठीचं तोंड उघडं राहतं. बहुसंख्य हौशी खेळाडूंना मात्र स्लाइसचा, म्हणजे नेमका उलटा आजार असतो. त्यांनी श्रद्धेने तेच औषध घेतलं आणि त्यांचा आजार बळावला. आधीच उघड्या तोंडाला आणखी उघडं करून ते चेंडू झाडीत मारत राहिले आणि दोष स्वतःच्या नालायकीला देत राहिले. कित्येकांनी याच निराशेत खेळ सोडला असेल.

घड्याळ आणि कंबर

१९६८ मध्ये ब्रिटनमध्ये अॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांचं ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ आलं. शास्त्रज्ञांनी स्विंग पहिल्यांदाच इतक्या काटेकोरपणे मोजला होता. काठी आणि चेंडू यांची भेट सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरती असते. चेंडूला कळतो तो फक्त तो क्षण. आधीचा बॅकस्विंग सुंदर होता की कुरूप, हे त्याच्या गावीही नसतं. बॅकस्विंगचं काम एकच: त्या क्षणी तोंड सरळ आणि वेग भरपूर असावा, अशी तयारी करणं.

‘हळू’ या जुन्या मंत्राचाही हिशेब २००४ मध्ये लागला. जॉन नोव्होसेल यांनी अव्वल खेळाडूंच्या चित्रफितींतल्या चौकटी मोजल्या. बॅकस्विंगला लागणारा वेळ खाली येण्याच्या वेळेच्या साधारण तिप्पट होता. सेकंदाला तीस चौकटींच्या हिशेबात कुणाचे सत्तावीसला नऊ, कुणाचे एकवीसला सात. म्हणजे काठी वर जायला सात दशांश ते नऊ दशांश सेकंद. हे काही संथ नव्हे. हळू नेण्याच्या नादात हौशी खेळाडू वर जाताना रेंगाळतो आणि खाली येताना हिसका मारतो. त्याला गरज असते ती लयीची.

दुसरा सल्ला शरीरावर बेतणारा निघाला. १९९२ मध्ये जिम मॅक्लीन यांनी लांब मारणाऱ्यांच्या खांद्यांच्या आणि कमरेच्या वळणातला फरक मोजला आणि त्याला ‘एक्स-फॅक्टर’ म्हटलं. फरक जास्त, तर अंतर जास्त. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या हौशी माणसाने याचा अर्थ लावला: कंबर गच्च धरायची आणि खांदे पिळायचे. विशीतल्या व्यावसायिकाला ते जमतं. ऑफिसातून थेट मैदानावर आलेल्याच्या कण्याला तो पीळ सोसत नाही. पुढे कित्येक प्रशिक्षक आपल्या वयस्क, आखडलेल्या शिष्यांना परत बॉबी जोन्सकडे घेऊन गेले: कंबर फिरू दे, टाच उचलू दे.

कुणाचं शरीर?

पहिल्या महायुद्धात उजवा पाय गुडघ्याखाली गमावलेला अर्नेस्ट जोन्स नावाचा इंग्लिश व्यावसायिक एका पायावर पुन्हा उत्तम खेळायला लागला. त्यातून त्याला प्रश्न पडला: पुस्तकांतलं पायांचं एवढं शास्त्र खरं असेल, तर मला जमलं कसं? मग तो रुमालाच्या टोकाला खिशातला चाकू बांधून शिष्यांना झुलवायला लावायचा. हिसका दिला की रुमाल सैल पडतो, झुलवला की ताठ राहतो. एवढंच शिकवून त्याने अमेरिकेत अख्खी कारकीर्द केली.

आपल्याकडे कोलकात्याचा एसएसपी चौरासिया आहे. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना, १८२९ चा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब. तिथे त्याचे वडील मैदानाची निगा राखत. मुलगा बघून बघून, स्वतःच शिकला आणि २०१६, २०१७ मध्ये लागोपाठ ‘इंडियन ओपन’ जिंकला. स्पेनच्या जॉन राहमचा बॅकस्विंग इतका आखूड की तो अर्धवट वाटतो. उजवं पाऊल जन्मतः वाकडं असल्याने त्या घोट्याला पुरेशी हालचाल नाही, हे त्याने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं. लांब बॅकस्विंग घेतला तर त्याचा तोल जातो, म्हणून त्याने शरीराला झेपेल तेवढाच घेतला. त्याच वर्षी तो ‘यूएस ओपन’ जिंकला, २०२३ मध्ये ‘मास्टर्स’.

आता रेंजवर उभं राहून काय करायचं? मोबाइल कमरेच्या उंचीवर, चेंडू जाणार त्या रेषेत स्वतःच्या मागे ठेवा आणि टेकअवे चित्रित करा. काठी जमिनीला समांतर येईल तिथे चौकट थांबवा. काठीचं टोक साधारण हातांच्या रेषेत असावं, पाठीमागे दडलेलं नसावं. तोंडाची कड आपल्या वाकलेल्या पाठीइतकीच तिरकी असावी, आकाशाकडे वळलेली नसावी. हात एकटे पुढे धावत असतील, तर छाती त्यांच्याबरोबर वळवा. पाठ आखडत असेल, तर टाच उचला. वर जाताना मनात ‘एक-दोन-तीन’ आणि खाली येताना ‘चार’ मोजा. आणि पहिले वीस चेंडू निम्म्या ताकदीने मारा, किनकेडने १६८७ च्या थंडीत लिहून ठेवलं होतं तसं.