उंची कळसूबाईएवढीच, पण हिवाळ्यात साध्या बुटांना मनाई! माउंट मार्सीवर 'स्नोशू' का लागतात?

न्यूयॉर्क म्हटलं की डोळ्यांसमोर उंच इमारती येतात. पण याच राज्याच्या उत्तरेला ॲडिरॉन्डॅक पर्वत आहेत. तिथलं माउंट मार्सी हे राज्यातलं सर्वोच्च शिखर, उंची १,६२९ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे फरक अवघा १७ मीटरचा. तरीही भर हिवाळ्यात मार्सी चढणं अवघड मानलं जातं. त्याचं कारण उंची नाही, तर बर्फ.

स्नोशू म्हणजे काय?

बुटाखाली बांधायची रुंद, लांबट चौकट म्हणजे स्नोशू. उत्तर अमेरिकेतले आदिवासी लाकडी चौकटीत चामड्याच्या वादीची जाळी विणून ती बनवायचे. आता ॲल्युमिनियम किंवा प्लास्टिक वापरतात. घसरू नये म्हणून खाली धातूचे दाते असतात. काही स्नोशूंना टाचेखाली उभी करता येणारी दांडी असते. त्यामुळे खड्या चढावर पोटऱ्यांवरचा ताण कमी होतो.

पाय रुतत का नाही?

विज्ञान शाळेतलंच आहे. वजन तेवढंच राहतं, पण ते जास्त जागेवर पसरलं की दाब कमी होतो. स्नोशूचं क्षेत्रफळ बुटाच्या तळव्याच्या साधारण चौपट असतं. ताज्या, भुसभुशीत बर्फात पाय थोडा दबतो, पण मांडीपर्यंत जात नाही.

मग सक्ती कशासाठी?

मार्सीच्या परिसरात बर्फ ८ इंच किंवा त्याहून जास्त असेल, तर स्नोशू किंवा स्की वापरणं बंधनकारक आहे. साध्या बुटांनी चाललं की वाटेत खोल खड्डे पडतात. याला 'पोस्टहोलिंग' म्हणतात. रात्री हे खड्डे गोठून कडक होतात आणि मागून येणाऱ्याचा पाय त्यात मुरगळू किंवा मोडू शकतो. म्हणजे हा नियम फक्त स्वतःच्या नाही, तर दुसऱ्याच्याही सुरक्षेसाठी आहे.

खरा धोका कुठे?

नेहमीच्या वाटेने शिखर एका बाजूने सुमारे १२ किलोमीटर आहे. डिसेंबरात दिवस जेमतेम ९ तासांचा. ताजा बर्फ पडला असेल तर पुढच्या माणसाला वाट पाडत जावं लागतं. हे काम इतकं दमवणारं असतं की गटातले लोक आळीपाळीने पुढे जातात.

वरच्या भागात बर्फाखाली स्प्रूसची खुरटी झाडं गाडलेली असतात. त्यांच्या फांद्यांखाली पोकळी राहते. वरून सपाट दिसतं, पण पाय पडला की माणूस कंबरेपर्यंत आत जातो आणि स्नोशू फांद्यांत अडकतात. एकट्याने बाहेर पडणं कठीण होतं. शेवटच्या टप्प्यात झाडंच नाहीत. तिथे वारा थेट अंगावर येतो. ढग उतरले की जमीन आणि आकाश दोन्ही पांढरं दिसतं आणि वाट कळत नाही.

अनुभवी लोक काय करतात?

सुती कपडे टाळतात, कारण घामाने भिजलेला सुती कपडा अंगातली उष्णता खेचून घेतो. घाम येण्याआधीच एक थर काढतात, थांबलं की लगेच चढवतात. हेडलॅम्प सोबत असतोच. आणि निघण्यापूर्वीच परतीची वेळ ठरवतात. ती वेळ झाली की शिखर समोर दिसत असलं तरी मागे फिरतात, कारण दमलेल्या पायांनी तेच १२ किलोमीटर पुन्हा चालायचे असतात, तेही बहुधा अंधार पडताना.