आधी प्रदर्शन, मग चित्रशाळा

बडोद्याच्या चित्रसंग्रहाचा इतिहास सांगताना बहुतेकजण इमारतींपासून सुरुवात करतात. १८७९ मध्ये लोकांसाठी खुली झालेली कमाटी बाग. १८९४ मध्ये पूर्ण झालेले त्या बागेतले वस्तुसंग्रहालय. १९०८ मध्ये काम सुरू होऊन १९१४ ला बांधून झालेली चित्रशाळा, जी महायुद्धामुळे चित्रे यायला उशीर झाल्याने १९२१ मध्ये उघडली. आणि शेवटी १९६१ चे महाराजा फतेसिंह म्युझियम. तारखांचा क्रम बरोबर आहे. पण वास्तूंचे सोडून रिवाजाचे कूळ शोधायचे, म्हणजे राजाच्या मालकीची चित्रे रयतेने जाऊन पाहायची ही चाल बडोद्यात कुठून आली हे विचारायचे, तर यातली एकही तारीख कामाची नाही. त्या चालीचे मूळ थोडे दिवस भरलेल्या आणि मग उठलेल्या एका प्रदर्शनात आहे. आपल्याला वाटते, आधी कायमचे दालन असते आणि त्यात अधूनमधून नवे काही लावतात. बडोद्यात झाले ते उलटे.

त्यासाठी दिवाण टी. माधवराव यांच्यापर्यंत मागे जावे लागते. तंजावरी मराठी घराण्यातले माधवराव आधी त्रावणकोरचे दिवाण होते, १८७५ मध्ये बडोद्याचे झाले. चित्रकार रविवर्म्याचा गुण त्यांना दक्षिणेतच ठाऊक झाला होता. १८८१ मध्ये सयाजीराव महाराजांच्या हाती राज्यकारभार आला, त्या सोहळ्याच्या निमित्ताने रविवर्मा बडोद्यात आला. १८८८ मध्ये महाराजांनी त्याला नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातल्या आणि पुराणांतल्या प्रसंगांवर चौदा चित्रे काढायला सांगितली. काम हाती घेण्यापूर्वी तो धाकट्या भावाला, राजराज वर्म्याला, बरोबर घेऊन उत्तर हिंदुस्थानात हिंडला. सीता, दमयंती, सुभद्रा यांना नेसवायचे काय, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न होता. अखेर त्याने साडी पक्की केली, आणि पुढची कित्येक दशके साऱ्या देशाच्या देव्या तीच नेसत राहिल्या. १८९० मध्ये चित्रे पुरी झाली. ती आधी त्रिवेंद्रमला लोकांना दाखवण्यात आली, मग बडोद्याला आली आणि राजवाड्याच्या भिंतींवर चढण्यापूर्वी तिथेही काही दिवस सर्वांसाठी मांडली गेली. मुंबई इलाख्याच्या कानाकोपऱ्यातून माणसे लोटली. चित्रांची छायाचित्रे निघाली, ती देशभर विकली गेली.

त्या गर्दीने काय पाहिले असेल? ‘कंस-माया’ घ्या. गोष्ट घरोघरी तोंडपाठ. देवकीचे मूल समजून जिला शिळेवर आपटायचे ती कन्या हातातून निसटते आणि देवीच्या रूपात वर उभी राहते. कथेकरी हे सांगे तेव्हा श्रोत्याने ते मनातल्या मनात रंगवायचे. इथे कंसाच्या दंडाचे स्नायू, दागिन्यांवरची चमक, देवकीच्या लुगड्याच्या चुण्या, सगळे तैलरंगात समोर. छापील देवादिकांचा सुकाळ व्हायच्या आधीचे हे दिवस. रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला तो १८९४ मध्ये. म्हणजे ओलिओग्राफला, तैलचित्राच्या रंगीत छापील नकलेला, गिऱ्हाईक मिळेल की नाही, याची चाचणी बडोद्यातल्या त्या मांडणीत आपोआप होऊन गेली, असे म्हणायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. प्रदर्शने तेव्हा नवी नव्हती. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात रविवर्म्यानेच सुवर्णपदक मिळवले होते, आणि बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये स्थापन झाली. खरे आहे. पण ती प्रदर्शने पदकांची आणि विक्रीची. साहेबलोक, वकील, सरदार यांचा तो मेळा, आणि चित्र विकले गेले की लोकांचा त्याच्याशी संबंध संपला. बडोद्यातली चित्रे विकायची नव्हती. त्यांचा मालक ठरलेला होता, जागा ठरलेली होती, आणि तरीही ती आधी लोकांपुढे ठेवली गेली.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा. हा औदार्याचा देखावा नव्हता कशावरून? चित्रे शेवटी राजवाड्यातच गेली की! गेलीच. ती महाराजांच्या खानगीची, म्हणजे खासगी मालकीची होती, आणि राजवाडा काही रयतेला मोकळा नव्हता. पण गर्दीचा धडा दरबाराने घेतला, असे मला पुढच्या घटनांवरून वाटते. कमाटी बागेतली चित्रशाळा राज्याच्या खर्चाने उभी राहिली. तिच्यासाठी मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाकडून युरोपीय चित्रे निवडून घेतली गेली. याच राज्याने १९०६ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सगळीकडे लागू केले, आणि १९१० मध्ये बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवायला सुरुवात केली. पेटी गावात यायची, वाचून झाली की बदलून पुढे जायची. संग्रहालय आणि चित्रशाळा यांच्यामागे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचा नमुना होता हे नाकारायचे कारण नाही. वस्तुसंग्रहालयाची वास्तूही चिझमसारख्या इंग्रज वास्तुविशारदाच्या हातची. मात्र विलायती नमुना शाळकरी आणि कारागिरांना वळण लावण्यासाठी होता; चित्र पाहायला आपखुशीने रांग लावणारा माणूस त्या नमुन्याने आणला नाही, तो रविवर्म्याच्या चौदा चित्रांनी आणला.

खानगी आणि राज्य यांतला तो फरक कागदोपत्रीच राहिला नाही. १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा कमाटी बागेतले संग्रहालय सरकारकडे गेले, आणि राजवाड्यातली चित्रे घराण्याकडे राहिली. ती दिसेनाशी झाली असती; अनेक संस्थानांत तसेच झाले. इथे त्याच घराण्यातल्या महाराजा फतेसिंहरावांनी १९६१ मध्ये राजवाड्याच्या आवारातल्या मोतीबागेतल्या शाळेच्या इमारतीत म्युझियम उघडले. राजघराण्यातली मुले जिथे शिकली त्याच खोल्यांत रविवर्म्याची चित्रे आली. म्हणजे १८९० नंतर थोड्याच दिवसांत मिटलेले दार उघडायला सत्तर वर्षे गेली.

दार उघडले तरी अशा संग्रहात सगळे एकाच वेळी का दिसत नाही, अशी तक्रार लोक करतात. तिला उत्तर आहे. तैलचित्र भिंतीवर वर्षानुवर्षे टिकते. कागदावरचे शिळाछाप, जलरंग, लघुचित्र टिकत नाही. उजेडाने रंग उडतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून कागदावरच्या कामाला पन्नास लक्सच्या आसपासचा मंद प्रकाश देतात, आणि काही महिन्यांनी ते उतरवून अंधारात ठेवतात. बदलते प्रदर्शन ही हौस नव्हे, ती निगा आहे. तेव्हा बडोद्याला जाल तर कमाटी बाग आणि मोतीबाग, दोन्ही ठिकाणी जा, आणि सध्या भिंतीवर काय लावले आहे हे दारातच विचारून घ्या.