गिटारच्या पट्ट्याला ‘कुलूप’

उभे राहून गिटार वाजवताना वाद्याचा सारा भार पट्टा अडकवण्याच्या दोन बटणांवर असतो. पट्ट्याच्या टोकांची भोके या बटणांत अडकवतात. चामडे जुने झाले की भोक सैलावते आणि वादक वळताच पट्टा निसटतो. लेस पॉल धाटणीची इलेक्ट्रिक गिटार सुमारे चार किलोंची असते. शिवाय गिब्सनच्या अनेक गिटारांचा माथा १७ अंशांनी मागे कललेला असल्याने, पडल्यावर मान नेमकी तेथेच मोडते. हा अपघात टाळणारे साधन म्हणजे ‘स्ट्रॅप लॉक’.

जर्मनीच्या शालर आणि अमेरिकेच्या डनलॉप या कंपन्यांची कुलपे विशेष प्रचलित आहेत. दोहोंत एक भाग गिटारवर, तर दुसरा पट्ट्यावर बसतो. शालरमध्ये स्प्रिंगची खीळ ओढल्यावर, तर डनलॉपमध्ये मधली कळ दाबल्यावर पट्टा सुटतो.

कुलूप कितीही भक्कम असले, तरी त्याची खरी ताकद लाकडातील स्क्रूच्या पकडीत असते. म्हणून जुना व नवा स्क्रू शेजारी ठेवून जाडी व लांबी ताडून पाहावी. नवा स्क्रू जाड असून तसाच पिळला, तर लाकूड चिरते. बारीक असल्यास आटे पकड घेत नाहीत. सैल छिद्रात लाकडाचा गोंद लावलेल्या काडेपेटीच्या काड्या (गूल काढून) ठासून भराव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात आणि मग बारीक छिद्र पाडून स्क्रू बसवावा. बटणाखालची नमद्याची चकती पुन्हा घालण्यास विसरू नये.

पट्ट्यावरील भाग भोकातून घालून वॉशर लावावा व नट पान्याने आवळावा. शालरच्या इंग्रजी ‘यू’ आकाराच्या खोबणीचे तोंड वर, वादकाच्या खांद्याकडे असावे. त्यामुळे खीळ निकामी झाली तरी बटण खोबणीत टेकून राहते. पहिली चाचणी गादीवर घ्यावी. वादनाच्या हालचालींनी नट हळूहळू सैलावतो. तो दर कार्यक्रमापूर्वी तपासणे इष्ट. शालरच्या नव्या ‘एस-लॉक’मध्ये यासाठी नट जखडणारा छोटा स्क्रू दिलेला आहे.

अनेक इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारांत केबलचा जॅक हेच खालचे बटण असते. तेथे साधे कुलूप बसत नाही. अशा वेळी जॅकवर बसेल असे खास कुलूप घ्यावे. साध्या बटणांसाठी स्वस्त पर्यायही आहे : पट्ट्यावरून बटणात घट्ट बसणारी रबरी चकती. ग्रोल्श या डच बिअरच्या बाटलीच्या झाकणाची चकती वादकांनी यासाठी वर्षानुवर्षे वापरली आहे.