नेआपोलिसचे ग्रीक

गणपतीच्या स्मरणिकेत ग्रीक आणि रोमन मंडळी कुठून आली, असे वाचकांना वाटेल. त्याला कारण एक जुनी हकिकत आहे. वाचल्यापासून ती आमच्या मनातून जात नाही, म्हणून आधी तीच सांगतो.

दक्षिण इटलीत समुद्राकाठी पोसायडोनिया नावाचे शहर होते. इ.स.पू. ६०० च्या सुमारास ग्रीकांनी ते वसवले. त्यांची तीन दगडी देवळे आजही उभी आहेत. पुढे लुकानियन लोकांनी शहर घेतले आणि इ.स.पू. २७३ मध्ये रोमने तिथे आपली वसाहत बसवली. नावही पेस्टम झाले. ॲरिस्टॉटलचा शिष्य अरिस्टॉक्सेनस याने या शहरातल्या ग्रीकांविषयी काही लिहिले होते, ते अथेनियस या नंतरच्या लेखकाने टिपून ठेवले. हकिकत अशी की हे लोक मूळचे ग्रीक, पण आता पार परके होऊन गेले. भाषा गेली, रीतिभाती गेल्या. ग्रीकांचा एकच सण ते अजून पाळत. त्या दिवशी सगळे एकत्र जमायचे, जुने शब्द आणि जुन्या चाली आठवायचे, एकमेकांजवळ रडायचे आणि घरी जायचे.

दरवर्षी मांडवात खुर्च्या लावणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाचून चरकल्यासारखे होते. पण त्याच किनाऱ्यावर थोडे उत्तरेला गेले की वेगळे चित्र दिसते. तिथे नेआपोलिस, म्हणजे आजचे नेपल्स. इ.स.पू. ३२६ मध्ये या शहराने रोमशी तह केला आणि त्यानंतर पाचशे वर्षे तिथे ग्रीक भाषेत कारभाराचे दगड कोरले जात होते. एका किनाऱ्यावर दोन शहरे, राज्यकर्ते तेच, मग हा फरक कसा पडला?

नेआपोलिस वसवणारे लोक शेजारच्या क्युमी शहरातून आलेले. हे माहेरचे शहर इ.स.पू. ४२१ मध्ये कँपेनियन लोकांच्या हाती गेले आणि तिथे ऑस्कन भाषा आली. इ.स.पू. १८० मध्ये क्युमीच्या लोकांनी रोमकडे अर्ज केला की आम्हाला सार्वजनिक कामकाज लॅटिनमध्ये करू द्या, लिलावाची बोलीही लॅटिनमध्ये होऊ द्या. परवानगी मिळाली. रोमने लॅटिन लादली नव्हती, लोकांनी ती मागून घेतली. बाजार ज्या भाषेत चालतो ती भाषा माणूस उचलतो, यात क्युमीकरांना दोष देण्यात अर्थ नाही.

नेआपोलिसमध्येही बाहेरचे लोक आले, काही कँपेनियन तर नागरिक म्हणून घेतले गेले. स्ट्रॅबो या भूगोलकाराने एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. शहराच्या मुख्य अधिकाऱ्याला डेमार्क म्हणत. या डेमार्कांच्या यादीत सुरुवातीला सगळी नावे ग्रीक, पुढे ग्रीक आणि कँपेनियन नावांची सरमिसळ. पण पद मात्र डेमार्कच राहिले. जो कोणी त्या जागी बसला, त्याला ग्रीक पद्धतीनेच बसावे लागले.

अशा जागा शहरात बऱ्याच होत्या. जिम्नेशियम म्हणजे तालीम आणि शाळा एकाच आवारात. वयात येणाऱ्या मुलांचे तिथे शिक्षण होई. त्याशिवाय फ्रॅट्री. हा शब्द आपल्या ‘भ्राता’चाच सख्खा भाऊ, आणि अर्थही आपल्या भावकीच्या जवळ जाणारा. प्रत्येक फ्रॅट्रीचे देव ठरलेले, बैठका ठरलेल्या, ठरावही ग्रीकमध्ये. नेआपोलिसकरांना याचा अभिमान होता. इ.स.पू. ९० च्या कायद्याने रोमचे नागरिकत्व देऊ केले गेले, तेव्हा त्यांच्यापैकी पुष्कळांना ते नको होते. जुन्या तहाने मिळालेले स्वातंत्र्य त्यांना अधिक मोलाचे वाटले, असे सिसेरो सांगतो. शेवटी नागरिकत्व घ्यावे लागले. पाठोपाठ इ.स.पू. ८२ च्या यादवीत सुल्लाच्या माणसांनी रात्री फितुरीने शहरात शिरून कत्तल केली. थोडेच लोक निसटले.

इथेच नेआपोलिसचे पेस्टम व्हायचे, पण झाले नाही. आमच्या मते याचे श्रेय बऱ्याच अंशी रोमन लोकांच्या हौसेला आहे. रोममधल्या बड्या घरांना ग्रीक रीतीचे भारी आकर्षण. कामातून सुटलेले, वयस्कर, दुखणाईत असे लोक इथे विश्रांतीला येत आणि ग्रीक पद्धतीने राहत. सम्राट ऑगस्टसची एक गंमत स्वेटोनियसने दिली आहे. इ.स. १४ मध्ये, मरणाच्या थोडे आधी, तो समोरच्या कॅप्री बेटावर राहिला. त्याने सोबतच्या लोकांना कपडे वाटले आणि अट घातली की रोमन माणसांनी ग्रीक पोशाख करून ग्रीक बोलायचे, ग्रीकांनी रोमन टोगा घालून लॅटिन बोलायचे. बेटावर जुन्या रिवाजाने तरुणांची तालीम अजून चालू होती, ती तो बसून पाहत असे.

याच ऑगस्टसच्या सन्मानार्थ इ.स. २ मध्ये नेआपोलिसला दर चार वर्षांनी भरणारे सेबास्टा खेळ सुरू झाले. त्यांचा दर्जा ऑलिंपिकच्या बरोबरीचा. धावणे, कुस्ती तर होतेच, शिवाय संगीत, नाटक आणि काव्याच्याही स्पर्धा. खेळाडूंना आधीपासून रोजचा भत्ता मिळे. नगरसभेच्या सभासदांच्या मुलींसाठीसुद्धा धावण्याची शर्यत होती. अलीकडे नेपल्समध्ये मेट्रोचे खोदकाम चालू असताना विजेत्यांच्या नावांचे संगमरवरी फलक निघाले, सगळे ग्रीकमध्ये. सम्राट क्लॉडियसने आपल्या दिवंगत भावाच्या स्मरणार्थ इथल्या स्पर्धेत एक ग्रीक नाटक सादर केले आणि परीक्षकांच्या निर्णयाने बक्षीसही मिळवले. (परीक्षकांची अडचण आमच्या नाट्यस्पर्धांच्या परीक्षकांना कळेल.) नीरोने जनतेसमोर पहिल्यांदा गाण्यासाठी इ.स. ६४ मध्ये हेच शहर निवडले, कारण ते ग्रीक होते. सम्राट हेड्रियन तर इथला डेमार्क झाला.

म्हणजे ग्रीक येण्याने इथे मान मिळत होता, बक्षीस मिळत होते, पोटही भरत होते. पोट कसे भरे, त्याचा नमुना एका मास्तरांच्या घरात सापडतो. कवी स्टेशियसचे वडील नेआपोलिसला ग्रीक काव्य शिकवत. होमर, हेसिअड, पिंडार, सॅफो हे सगळे त्यांच्या पाठात असे. लहानपणापासून त्यांनी गावच्या स्पर्धा जिंकल्या, पुढे प्रत्यक्ष ग्रीसमध्ये जाऊनही बक्षिसे आणली. मोठ्या घरची मुले शिकायला येत. नंतर त्यांनी रोममध्ये बिऱ्हाड केले आणि तिथल्या सरदारांच्या मुलांना शिकवू लागले.

मुलगा वडिलांच्या हाताखाली तयार झाला. गावच्या स्पर्धेत त्यानेही मुकुट मिळवला. थीब्ज या ग्रीक शहरातल्या दोन भावांच्या युद्धावर त्याने बारा सर्गांचे महाकाव्य लिहिले. विषय ग्रीक, दैवते ग्रीक, भाषा लॅटिन. वडील वारल्यावर त्याने लिहिलेली विलापिका आपल्यापर्यंत आली आहे, आणि मास्तरांचा हा सगळा अभ्यासक्रम आपल्याला कळतो तो तिच्यातूनच. तीही लॅटिनमध्ये. तिच्यात वडिलांविषयी इतकी माया आहे की मुलगा परका झाला असे म्हणवत नाही. आमच्या एका घरातला नातू आजीला लांबलचक, मनापासूनची पत्रे गुजरातीत लिहितो, त्याची आठवण झाली.

असेच एक उदाहरण इ.स. १९४ च्या दगडावर आहे. म्युनेशियस हिलॅरियानस या नागरिकाने आपल्या आर्टेमिसिओई फ्रॅट्रीला स्वखर्चाने इमारत बांधून दिली. फ्रॅट्रीची बैठक भरली, आभाराचा आणि पुतळ्यांचा ठराव झाला. ठराव रिवाजाप्रमाणे शुद्ध ग्रीकमध्ये लिहून त्यांच्याकडे गेला. हिलॅरियानसनी आपल्या भाऊबंदांना नम्रपणे उत्तर पाठवले, तेही त्याच दगडावर कोरून ठेवले आहे. ते लॅटिनमध्ये आहे.