प्राध्यापक पुन्हा विद्यार्थी होतो

शिक्षण हें बालवयाचें काम आणि संसार हें प्रौढ वयाचें, अशी वांटणी आपल्या समाजानें फार पूर्वींच करून टाकली. ज्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या विद्या नांदत आली, त्यांना ती सोईचीहि असते. पण ज्या कुळांतील पहिलाच पुरुष महाविद्यालयाची पायरी चढतो, त्याचें विद्यार्जन पुष्कळदां मध्येंच खंडित होतें, व तें पुरें करावयाचें तर प्रौढपणींच करावें लागतें. डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या चरित्रांतील १९१७ ते १९२३ हा काळ या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेंत शिक्षक होते; परंतु महाविद्यालयांत जाणारे भीमराव हे त्या घरांतील पहिलेच. बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले आणि १९१६ सालीं लंडनला आले. अर्थशास्त्र व कायदा हे दोन्ही अभ्यास तेथें चालू असतांच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ सालीं त्यांना स्वदेशीं परतावें लागलें. चार वर्षांच्या आंत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी हातीं होती.

पुढें बडोद्यास नोकरी मिळाली, पण अस्पृश्यतेमुळें राहावयास जागा मिळेना. अखेर १९१८ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पदरीं पत्नी व मुलगा; हातीं प्रतिष्ठेची नोकरी. अशा गृहस्थानें पुन्हा बाकावर बसण्याची यातायात कां करावी, असें कोणासहि वाटलें असतें. त्यांनीं मात्र वेतनांतून काटकसरीनें पैसा सांठविला, कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींचें साहाय्य घेतलें, एका पारशी मित्राकडून कर्ज काढलें आणि १९२० सालीं, एकोणतीस वर्षांचे असतां, पुन्हा लंडन गाठलें.

तेथें दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयांत जाई. आहार अगदीं बेताचा असे. इकडे रमाबाई ओढाताणीनें संसार चालवीत होत्या. १९२१ सालीं एम्.एस्‌सी. झाली, १९२२ सालीं बॅरिस्टरी झाली. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्‌सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांनीं दुरुस्तीसाठीं परत केला, आणि तोंवर गांठचा पैसा सरला होता. १९२३ सालीं मुंबईस परतून त्यांनीं तो येथेंच सुधारला व लंडनला पाठविला. त्याच वर्षीं पदवी मिळाली.

या सहा वर्षांत बुद्धि कधींच कमी पडली नाहीं. कमी पडला तो पैसा, निवारा आणि मोकळा वेळ. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची अडचण बहुधा हीच असते. म्हणूनच १९४६ सालीं त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज काढलें, तेव्हां वर्ग सकाळीं भरत, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. सकाळीं व्याख्यान ऐकून कारकुनानें वेळेवर कचेरींत हजर व्हावें, अशी ती व्यवस्था होती. पोटाचा उद्योग न सोडतां विद्येकडे परत येण्याचा मार्ग तिनें अनेकांना मोकळा करून दिला.